व्हर्च्युअल मशीनमधील मंद ग्राफिक्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हर्च्युअल मशीनमध्ये सॉफ्टवेअर चालवताना पडदा अडखळतो, खिडक्या ओढल्या की मागे पडतात, व्हिडिओ तुटक दिसतो, अशा तक्रारींसोबत वाचकांकडून सतत येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. ज्या मूळ संगणकावर सगळे चालते त्याला येथे सर्वत्र ‘होस्ट’ म्हटले आहे आणि त्याच्या आत चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमला ‘गेस्ट’. प्रश्न २ मधील तपासणी आधी करून घेतल्यास पुढची निम्मी उत्तरे वाचण्याची गरज पडणार नाही.

१. माझा संगणक नवा आणि दमदार आहे. तरीही गेस्टमध्ये साधी खिडकी हलवताना चित्र का अडखळते?

प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड गेस्टला सारख्याच पद्धतीने मिळत नाहीत, हे याचे मूळ कारण आहे. इंटेलने २००५ साली आणि एएमडीने २००६ साली प्रोसेसरमध्येच व्हर्च्युअलायझेशनची सोय आणली. तेव्हापासून गेस्टमधील बहुतेक सूचना थेट खऱ्या प्रोसेसरवर चालतात आणि वेगात फारशी घट जाणवत नाही. ग्राफिक्स कार्डाचे तसे नाही. एकच कार्ड अनेक ऑपरेटिंग सिस्टिमना एकाच वेळी वाटून देण्याची सोय घरगुती संगणकांत सहसा नसते. म्हणून व्हर्च्युअलायझेशन सॉफ्टवेअर गेस्टपुढे एक बनावट ग्राफिक्स कार्ड मांडते. त्या बनावट कार्डाला दिलेल्या आज्ञा होस्टच्या खऱ्या कार्डापर्यंत पोहोचतात की नाही, यावर वेग ठरतो.

मार्ग तीन आहेत. पहिल्यात कोणतीही मदत मिळत नाही आणि प्रत्येक चित्र गेस्टचा प्रोसेसर स्वतः हिशेब करून तयार करतो; याला सॉफ्टवेअर रेंडरिंग म्हणतात. दुसऱ्यात गेस्टमधील खास ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) ग्राफिक्सच्या आज्ञा होस्टकडे पाठवतो, तेथे त्यांचे भाषांतर होते आणि खरे कार्ड काम करते; याला प्रवेगित मार्ग किंवा थ्रीडी ॲक्सिलरेशन म्हणतात. तिसऱ्यात खरे कार्डच गेस्टच्या ताब्यात दिले जाते (प्रश्न १४). माझ्याकडे आलेल्या तक्रारींपैकी बहुतेक पहिल्या मार्गावर अडकलेल्यांच्या असतात, आणि आपण त्या मार्गावर आहोत हेच त्यांना ठाऊक नसते.

२. माझ्या गेस्टमध्ये चित्र नेमके कोण तयार करत आहे, हे कसे ओळखायचे?

कोणतीही सेटिंग बदलण्यापूर्वी ही तपासणी करावी, असा माझा आग्रह आहे. कारण न पाहता पट्ट्या पुढेमागे सरकवत बसल्याने बिघाड सापडत नाही, उलट काय बदलले होते हेही नंतर आठवत नाही.

लिनक्स गेस्टमध्ये मेसा-युटिल्स हे पॅकेज बसवून टर्मिनलमध्ये ‘जीएलएक्सइन्फो’ ही आज्ञा चालवावी आणि तिच्या लांबलचक उत्तरातील ‘ओपनजीएल रेंडरर’ ही ओळ शोधावी (ओपनजीएल ही ग्राफिक्सच्या आज्ञांची एक प्रमाण पद्धत आहे). तेथे ‘एलएलव्हीएमपाइप’ असे नाव दिसले, तर सगळे काम प्रोसेसर करत आहे. हा मेसा या मुक्त ग्राफिक्स प्रकल्पाचा सॉफ्टवेअर रेंडरर असून तो प्रोसेसरचे अनेक कोअर वापरतो, पण ग्राफिक्स कार्डाची बरोबरी करू शकत नाही. ‘एसव्हीजीए-थ्रीडी’ दिसल्यास व्हीएमवेअर किंवा व्हर्च्युअलबॉक्स या व्हर्च्युअलायझेशन सॉफ्टवेअरचा प्रवेगित मार्ग चालू आहे. ‘व्हर्जिल’ दिसल्यास केव्हीएमचा, म्हणजे लिनक्समधील अंगभूत व्हर्च्युअलायझेशनचा. खऱ्या कार्डाचे नाव दिसल्यास कार्ड थेट गेस्टकडे आहे.

विंडोज गेस्टमध्ये ‘डीएक्सडायग’ चालवून डिस्प्लेचे पान पाहावे, किंवा डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले ॲडॅप्टरचे नाव वाचावे. ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर’ हे नाव याचा अर्थ व्हर्च्युअलायझेशनचा ड्रायव्हर बसलेलाच नाही. प्रश्न ३ कडे वळावे.

याच वेळी गेस्टमधील प्रोसेसरचा वापरही पाहून ठेवावा. नुसती खिडकी गोल गोल फिरवताना सर्व कोअर शंभर टक्क्यांकडे धावत असतील, तर सॉफ्टवेअर रेंडरिंगची शंका पक्की होते. प्रोसेसर निवांत आहे, पण डिस्कचा दिवा सतत पेटलेला आहे आणि रॅम भरलेली आहे, असे असेल तर दुखणे ग्राफिक्सचे नाही. गेस्टला रॅम कमी पडते आहे आणि तो डिस्कवर माहितीची ने-आण करतो आहे. पडदा दोन्ही प्रकारांत सारखाच अडखळतो, त्यामुळे ही गल्लत फार होते.

३. गेस्ट ॲडिशन्स किंवा व्हीएमवेअर टूल्स बसवणे खरोखर आवश्यक आहे का?

विंडोज गेस्टसाठी निश्चितच आवश्यक आहे, कारण बनावट कार्डाचा ड्रायव्हर त्यांतच असतो. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ‘डिव्हायसेस’ या मेनूतून गेस्ट ॲडिशन्सची सीडी घालावी, इन्स्टॉल करावी आणि गेस्ट पुन्हा सुरू करावा. व्हर्च्युअलबॉक्सची आवृत्ती वाढवल्यानंतर गेस्ट ॲडिशन्सही त्याच आवृत्तीच्या करून घ्याव्यात. ही पायरी बहुतेक जण विसरतात.

लिनक्स गेस्टमध्ये परिस्थिती थोडी वेगळी आहे. लागणारा ‘व्हीएमडब्ल्यूजीएफएक्स’ हा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यातच असतो आणि व्हीएमवेअरसाठी ‘ओपन-व्हीएम-टूल्स’ हे पॅकेज प्रमुख वितरणांत तयार मिळते. व्हर्च्युअलबॉक्सच्या सीडीवरून ॲडिशन्स बसवल्या असतील, तर कर्नल अद्ययावत झाल्यावर त्यांचे मोड्यूल पुन्हा बांधावे लागतात आणि त्यासाठी त्या कर्नलच्या हेडर फाइल्स गेस्टमध्ये असाव्या लागतात. ‘कालपर्यंत नीट होते, अपडेटनंतर पडदा लहान झाला आणि माउस अडकू लागला’ या तक्रारीचे कारण बहुधा हेच असते.

४. व्हिडिओ मेमरी १२८ एमबीवरून वाढवली तर वेग वाढेल का?

साध्या डेस्कटॉप कामासाठी नाही. हिशेब सोपा आहे. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर २०,७३,६०० बिंदू असतात आणि प्रत्येक बिंदूला ४ बाइट लागतात, म्हणजे एका पूर्ण चित्राला सुमारे ८.३ एमबी. दोन-तीन चित्रे एकाच वेळी साठवली तरी २५ एमबीच्या आसपासच जागा लागते. उरलेली मेमरी रिकामी पडून राहते आणि रिकाम्या मेमरीने वेग वाढत नाही.

मेमरी कमी पडण्याचे प्रसंग वेगळे आहेत: अनेक मॉनिटर, ४के पडदा, किंवा थ्रीडी ॲक्सिलरेशन चालू असताना भरपूर टेक्स्चर वापरणारे सॉफ्टवेअर. अशा वेळी व्हर्च्युअलबॉक्समध्ये पट्टी शेवटपर्यंत न्यावी. व्हीएमवेअर वर्कस्टेशनमध्ये ग्राफिक्स मेमरी ८ जीबीपर्यंत देता येते, मात्र ती होस्टच्या रॅममधून जाते, हे लक्षात ठेवून द्यावी.

५. ‘थ्रीडी ॲक्सिलरेशन’वर खूण केली आणि गेस्टचा पडदा काळा झाला. आता काय करावे?

गेस्ट बंद करून खूण काढावी, गेस्ट सुरू करावा आणि पुढील क्रमाने जावे. प्रथम होस्टच्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून अद्ययावत करावा, कारण गेस्टने पाठवलेल्या आज्ञा शेवटी त्याच ड्रायव्हरकडे जातात. मग गेस्ट ॲडिशन्स होस्टवरील आवृत्तीच्याच आहेत ना, हे पाहावे (प्रश्न ३). त्यानंतर ग्राफिक्स कंट्रोलर योग्य आहे याची खात्री करावी (प्रश्न ६). एवढे झाल्यावरच पुन्हा खूण करावी.

व्हर्च्युअलबॉक्सच्या ७.० या आवृत्तीत, म्हणजे २०२२ च्या ऑक्टोबरात, थ्रीडीचा भाग नव्याने रचला गेला. विंडोज होस्टवर तो डायरेक्टएक्स ११ ही विंडोजची ग्राफिक्स पद्धत वापरतो आणि इतर होस्टवर तिचे भाषांतर करणारे डीएक्सव्हीके. त्यामुळे ६.१ वरील जुने सल्ले ७ वर लागू पडतीलच असे नाही आणि ६.१ मध्ये सुरळीत चाललेला गेस्ट ७ मध्ये वेगळा वागू शकतो. एखाद्या गेस्टवर काही केल्या स्थिर चित्र मिळत नसेल, तर थ्रीडी बंद ठेवून हलका डेस्कटॉप वापरणे (प्रश्न १२) हा पराभव मानू नये. मजकूर लिहिणे, कोड लिहिणे, टर्मिनल वापरणे यांत त्याने काही अडत नाही.

६. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ग्राफिक्स कंट्रोलर कोणता निवडावा?

लिनक्स गेस्टसाठी ‘व्हीएमएसव्हीजीए’ आणि सध्याच्या विंडोज गेस्टसाठी ‘व्हीबॉक्सएसव्हीजीए’. ‘व्हीबॉक्सव्हीजीए’ हा जुना कंट्रोलर फक्त जुन्या गेस्टसाठी राखून ठेवावा. व्हर्च्युअल मशीन तयार करताना गेस्टचा प्रकार बरोबर सांगितला असेल, तर ही निवड आपोआप योग्य होते. जुन्या आवृत्तीत तयार केलेले मशीन पुढे आणले असेल, तेव्हा मात्र ती हाताने तपासावी.

७. व्हर्च्युअलबॉक्सच्या खालच्या पट्टीवर हिरवे कासव दिसते. त्याचा मंदपणाशी संबंध आहे का?

थेट संबंध आहे, आणि विंडोज होस्टवरील अनाकलनीय मंदपणाचे हे सर्वांत दुर्लक्षित कारण आहे. व्हर्च्युअलबॉक्सला प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय स्वतःच्या हाती मिळालेली नाही, ती हायपर-व्ही या विंडोजच्या स्वतःच्या व्हर्च्युअलायझेशन सोयीने आधीच घेतली आहे आणि व्हर्च्युअलबॉक्स हायपर-व्हीच्या वर बसून काम करत आहे, असे ते चिन्ह सांगते. या रचनेत गेस्ट चालतो, पण बराच हळू. सॉफ्टवेअर रेंडरिंग त्यात भर घालत असेल, तर माउसचा बाणसुद्धा मागे पडू लागतो.

‘मी हायपर-व्ही कधी चालूच केले नाही’ असे अनेक जण लिहितात. ते खरे असते, पण हायपर-व्हीचा गाभा इतर सोयींमुळेही चालू होतो. विंडोजमधील लिनक्सची दुसरी आवृत्ती, म्हणजे डब्ल्यूएसएल २, डॉकर डेस्कटॉप, ‘व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म’ ही विंडोजची सोय आणि ‘कोअर आयसोलेशन’खालील ‘मेमरी इंटेग्रिटी’ यांपैकी कोणतीही एक गोष्ट त्याला पुरेशी आहे. विंडोज ११ नव्याने बसवलेल्या अनेक संगणकांवर मेमरी इंटेग्रिटी सुरुवातीपासूनच चालू असते.

उपाय असा: ‘विंडोज फीचर्स’मध्ये हायपर-व्ही, व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म आणि विंडोज हायपरव्हायझर प्लॅटफॉर्म यांवरील खुणा काढाव्यात आणि मेमरी इंटेग्रिटी बंद करावी. तरीही कासव राहिल्यास प्रशासकाच्या अधिकाराने उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘बीसीडीएडिट’ या आज्ञेने ‘हायपरव्हायझर लाँच टाइप’ हे मूल्य ‘ऑफ’ करावे आणि संगणक पूर्ण बंद करून सुरू करावा. यानंतर डब्ल्यूएसएल २ आणि त्यावर चालणारे डॉकर काम करणार नाही, तसेच मेमरी इंटेग्रिटी हे सुरक्षेचे एक कवच असल्याने ते काढताना विचार करावा. कार्यालयाच्या संगणकावर ही सेटिंग तेथील संगणक विभागाला विचारल्याशिवाय कोणी बदलू नये.

८. गेस्टला प्रोसेसरचे किती कोअर द्यावेत? सगळे दिले तर चित्र लवकर तयार होईल ना?

सगळे देऊ नयेत. गेस्टने होस्टचे सर्व कोअर व्यापले, की गेस्टचे चित्र पडद्यावर आणणाऱ्या होस्टमधील प्रक्रियेलाच वेळ मिळत नाही आणि एकूण परिणाम उलटा होतो. होस्टमध्ये चार प्रत्यक्ष कोअर असतील तर गेस्टला दोन, आठ असतील तर चार, ही सुरुवात चांगली आहे. मात्र एकच कोअर दिलेल्या गेस्टमध्ये सॉफ्टवेअर रेंडरिंग अगदीच रखडते, म्हणून दोनपेक्षा कमी देऊ नयेत.

९. लॅपटॉपमध्ये एनव्हिडियाचे वेगळे कार्ड आहे, पण गेस्ट ते वापरतच नाही. असे का?

दोन ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपमध्ये कोणत्या प्रोग्रामला कोणते कार्ड द्यायचे हे होस्ट ठरवतो, आणि वीज वाचवण्यासाठी तो बऱ्याचदा प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्सची निवड करतो. विंडोज होस्टवर सेटिंग्जमधील ‘सिस्टिम’, ‘डिस्प्ले’, ‘ग्राफिक्स’ या वाटेने जाऊन व्हर्च्युअल मशीन प्रत्यक्ष चालवणारी फाइल यादीत घालावी आणि तिला ‘हाय परफॉर्मन्स’ निवडावे. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ही फाइल ‘व्हर्च्युअलबॉक्सव्हीएम’ नावाची असते, तर व्हीएमवेअरमध्ये ‘व्हीएमवेअर-व्हीएमएक्स’ नावाची. मशीनांची यादी दाखवणाऱ्या मुख्य खिडकीची फाइल घातल्यास काहीच फरक पडत नाही. चूक सहसा येथेच होते. शिवाय लॅपटॉप चार्जरला जोडलेला असावा, कारण बॅटरीवर दोन्ही कार्डांचा वेग मुद्दाम कमी ठेवलेला असतो.

गेस्टमध्ये मात्र यानंतरही ‘एनव्हिडिया’ हे नाव दिसेलच असे नाही. बनावट कार्डाचेच नाव दिसेल, आणि ते योग्य आहे. एनव्हिडियाचा ड्रायव्हर गेस्टमध्ये बसवण्याचा प्रयत्न करू नये. ते कार्ड गेस्टला दिसतच नसल्याने त्या ड्रायव्हरला पकडण्यासारखे तेथे काही नसते. अपवाद प्रश्न १४ मध्ये आहे.

१०. ४के मॉनिटरवर नेल्यावर गेस्ट एकदम मंद झाला. हे अपेक्षित आहे का?

होय. प्रश्न ४ मधील हिशेब पुढे नेल्यास ३८४० बाय २१६० च्या एका चित्राला सुमारे ३३ एमबी लागतात. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची, तर पूर्ण एचडीच्या पडद्यावर सुमारे ५०० एमबी आणि ४के पडद्यावर जवळपास २ जीबी माहिती दर सेकंदाला हलवावी लागते. सॉफ्टवेअर रेंडरिंगमध्ये हे सगळे प्रोसेसरच्या माथी येते. गेस्टचे रेझोल्यूशन १९२० बाय १०८० ठेवावे आणि खिडकी मोठी दिसण्यासाठी व्हर्च्युअलबॉक्समधील ‘स्केल फॅक्टर’ २०० टक्के करावा. अक्षरांच्या कडा थोड्या मऊ दिसतील, पण काम चौपट हलके होईल.

११. गेस्टमधील ब्राउझरमध्ये यूट्यूबचे व्हिडिओ तुटक चालतात, होस्टमध्ये मात्र सुरळीत चालतात. उपाय काय?

व्हिडिओ उलगडण्यासाठी खऱ्या ग्राफिक्स कार्डात एक स्वतंत्र भाग असतो, आणि बनावट कार्डात तो सहसा नसतो. थ्रीडी ॲक्सिलरेशन चालू असले तरी व्हिडिओचे काम गेस्टच्या प्रोसेसरवरच पडते, त्यातही व्हीपी९ आणि एव्ही१ या प्रकारांचे ओझे एच.२६४ पेक्षा जास्त असते. गुणवत्ता ७२० किंवा ४८० वर आणावी, किंवा यूट्यूबला एच.२६४ द्यायला लावणारे ब्राउझरचे एक्स्टेन्शन वापरावे. पण व्हिडिओ होस्टमध्ये पाहावा आणि गेस्ट कामापुरता ठेवावा, हे सर्वांत बरे. गेस्टमधून व्हिडिओ कॉल करण्याबाबतही हेच उत्तर आहे.

१२. लिनक्स गेस्टसाठी कोणता डेस्कटॉप निवडावा?

थ्रीडीचा प्रवेगित मार्ग चालू असेल तर कोणताही. तो नसेल तर एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी. नोम डेस्कटॉपमधील कमी क्षमतेच्या संगणकांसाठीचा साधा पर्याय २०१३ साली ३.८ या आवृत्तीत काढून टाकला गेला. तेव्हापासून कार्ड नसल्यास नोम आपले सर्व परिणाम एलएलव्हीएमपाइपकडून करून घेतो, आणि उबुंटूचा नेहमीचा डेस्कटॉप नोमच असल्याने तेथे मंदपणा ठळक जाणवतो. नोम सोडायचा नसेल, तर सेटिंग्जमधील ॲक्सेसिबिलिटीच्या विभागात जाऊन ॲनिमेशन बंद करावीत. एक्सएफसीईमध्ये ‘विंडो मॅनेजर ट्वीक्स’मध्ये जाऊन कंपोझिटर (सर्व खिडक्यांची चित्रे जोडून पडदा तयार करणारा भाग) बंद करावा. विंडोज गेस्टमध्ये पारदर्शकता आणि ॲनिमेशन काढता येतात, पण विंडोज ८ पासून कंपोझिटर पूर्ण बंद करण्याची सोयच उरलेली नाही. म्हणूनच विंडोज १० आणि ११ च्या गेस्टला योग्य ड्रायव्हरची गरज अधिक असते.

१३. मी लिनक्सवर केव्हीएम वापरतो. बनावट कार्ड म्हणून क्यूएक्सएल चांगले की व्हर्टिओ?

लिनक्स गेस्टसाठी व्हर्टिओ. व्हर्ट-मॅनेजर या केव्हीएमची मशीन सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये ‘व्हिडिओ’खाली व्हर्टिओ निवडून थ्रीडी ॲक्सिलरेशनवर खूण करावी, ‘डिस्प्ले स्पाइस’खाली ‘लिसन टाइप’ हे ‘नन’ करावे आणि ‘ओपनजीएल’वर खूण करावी. या तिन्ही गोष्टी एकत्र केल्या नाहीत, तर मशीन सुरूच होत नाही किंवा प्रश्न २ च्या तपासणीत पुन्हा एलएलव्हीएमपाइपच दिसतो. व्हर्जिल हा मार्ग ओपनजीएलपुरता आहे. व्हल्कन या नव्या ग्राफिक्स पद्धतीसाठी ‘व्हीनस’ हा मार्ग केव्हीएमसोबत चालणाऱ्या क्यूईएमयूच्या ९.२ या आवृत्तीपासून, म्हणजे डिसेंबर २०२४ पासून, उपलब्ध आहे. होस्टवर एनव्हिडियाचा स्वतःचा, मूळ कोड खुला नसलेला ड्रायव्हर असेल तर व्हर्जिलला बऱ्याचदा अडथळे येतात. इंटेल आणि एएमडीच्या कार्डांवर अनुभव बराच सरळ आहे.

विंडोज गेस्टचे उत्तर निराश करणारे आहे. व्हर्टिओ-विन आयएसओ या विंडोज गेस्टसाठीच्या संचातील ड्रायव्हर रेझोल्यूशन आणि माउस सुधारतात, पण विंडोज गेस्टसाठी तेथे भरवशाचा थ्रीडी मार्ग नाही. केव्हीएमवरील विंडोजमध्ये थ्रीडी हवेच असेल, तर पुढचा प्रश्न वाचावा, नाहीतर त्या एका गेस्टपुरते व्हीएमवेअर वर्कस्टेशन वापरावे. २०२० साली आलेल्या १६ व्या आवृत्तीपासून ते गेस्टला डायरेक्टएक्स ११ देते, आणि नोव्हेंबर २०२४ पासून ते सर्वांना विनामूल्य आहे.

१४. खरे ग्राफिक्स कार्ड थेट गेस्टला देता येते का? ते कितपत अवघड आहे?

देता येते, आणि नीट जमले तर गेस्टमधील वेग खऱ्या संगणकाच्या अगदी जवळ जातो. याला पासथ्रू म्हणतात. लिनक्समध्ये त्यासाठीची व्हीएफआयओ ही चौकट २०१२ साली ३.६ या कर्नलमध्ये आली. पण हा मार्ग धरण्यापूर्वी पुढील गोष्टी शांतपणे तपासून घ्याव्यात.

प्रोसेसर, मदरबोर्ड आणि बायोस या तिघांनाही आयओएमएमयूची, म्हणजे उपकरण सुरक्षितपणे थेट गेस्टला देऊ शकणारी सोय हवी. इंटेलमध्ये तिचे नाव व्हीटी-डी आहे, एएमडीमध्ये एएमडी-व्हीआय. ती बायोसमध्ये अनेकदा बंद असते. होस्टसाठी वेगळे ग्राफिक्स हवे, कारण गेस्टला दिलेले कार्ड होस्टला वापरता येत नाही. प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्स यासाठी पुरते. मदरबोर्डवरील उपकरणे आयओएमएमयूच्या गटांत विभागलेली असतात आणि एका गटातील सर्व उपकरणे एकत्रच द्यावी लागतात. कार्डासोबत त्याचे ध्वनी उपकरण तर जातेच, पण स्वस्त मदरबोर्डवर त्याच गटात नेटवर्क किंवा साटा कंट्रोलरही निघू शकतो, आणि मग सगळी योजनाच कोलमडते. म्हणून कार्ड विकत घेण्यापूर्वी गट पाहावेत.

गेस्टचे चित्र त्या कार्डाला जोडलेल्या मॉनिटरवर येते. ते होस्टच्या खिडकीत हवे असल्यास ‘लुकिंग ग्लास’ हे मुक्त सॉफ्टवेअर वापरावे. जुन्या मार्गदर्शिकांत एनव्हिडियाच्या ‘एरर ४३’ची भीती घातलेली असते. कंपनीने २०२१ साली ४६५ या मालिकेतील ड्रायव्हरपासून विंडोज गेस्टमध्ये जीफोर्स कार्डांना परवानगी दिली, त्यामुळे ते लपवाछपवीचे उपाय आता करावे लागत नाहीत. एएमडीच्या काही कार्डांत मात्र गेस्ट बंद करून पुन्हा सुरू केल्यावर कार्ड जागे होत नाही आणि संपूर्ण होस्ट पुन्हा सुरू करावा लागतो.

लॅपटॉपवर हा उद्योग करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मॉनिटरच्या तारा कोणत्या कार्डाला जोडल्या आहेत हे तेथे आपल्या हातात नसते.

१५. हायपर-व्हीमध्ये ‘रिमोटएफएक्स’ चालू करण्याचा सल्ला वाचला, पण तो पर्याय सापडत नाही.

तो सल्ला जुना आहे. रिमोटएफएक्सची ग्राफिक्स सोय सुरक्षेतील त्रुटींमुळे मायक्रोसॉफ्टने जुलै २०२० मध्ये बंद केली आणि एप्रिल २०२१ मध्ये काढूनच टाकली. ती परत आणण्याच्या युक्त्या शोधू नयेत. सध्या ‘एन्हान्स्ड सेशन’ चालू करावे, त्याने माउस आणि रेझोल्यूशनची अडचण सुटते. लिनक्समधील चित्रमय सॉफ्टवेअर विंडोज ११ वर चालवायचे असेल, तर हायपर-व्हीच्या गेस्टपेक्षा डब्ल्यूएसएल २ पुष्कळ बरे, कारण तेथे ओपनजीएलच्या आज्ञा डायरेक्टएक्स १२ मार्गे होस्टच्या खऱ्या कार्डापर्यंत पोहोचतात.

१६. ॲपलच्या एम मालिकेच्या मॅकवर विंडोज गेस्ट असह्य मंद चालतो. ग्राफिक्सची कोणती सेटिंग बदलू?

आधी गेस्ट कोणत्या प्रोसेसरसाठीचा आहे ते पाहावे. एम मालिकेचे प्रोसेसर एआरएम जातीचे आहेत. त्यांवर इंटेलसाठीचे विंडोज किंवा लिनक्स चालवल्यास प्रत्येक सूचनेचे भाषांतर होते, आणि मग ग्राफिक्सची कोणतीही सेटिंग कामी येत नाही. यूटीएम या मॅकवरील व्हर्च्युअलायझेशन सॉफ्टवेअरमध्ये मशीन बनवताना ‘एम्युलेट’ आणि ‘व्हर्च्युअलाइझ’ असे दोन पर्याय येतात. ‘व्हर्च्युअलाइझ’ निवडून एआरएमसाठीचे विंडोज ११ किंवा लिनक्स बसवावे. इंटेलसाठीचे बरेच साधे प्रोग्राम ते विंडोज स्वतःच भाषांतर करून चालवते. थ्रीडी लागत असेल तर पॅरलल्स डेस्कटॉप हा सशुल्क पर्याय पाहावा. तो डायरेक्टएक्स ११ च्या आज्ञा मेटल या ॲपलच्या ग्राफिक्स पद्धतीत रूपांतरित करतो.

१७. आमच्या छपाईच्या कामाच्या जुन्या फाइल्स पेजमेकर आणि जुन्या मराठी फॉन्टमध्ये आहेत. त्यासाठी विंडोज एक्सपीचा गेस्ट केला, पण पान सरकवताना चित्र तुटते.

महाराष्ट्रातील मुद्रक आणि प्रकाशकांकडून हा प्रश्न नियमित येतो, कारण युनिकोडपूर्व फॉन्टमधील वर्षानुवर्षांचा मजकूर त्यांच्याकडे पडून आहे. येथे थ्रीडीच्या मागे लागू नये. ही सॉफ्टवेअरे द्विमितीय चित्रणावर चालतात आणि आजच्या प्रोसेसरला ते काम किरकोळ आहे. गेस्ट ॲडिशन्स बसवाव्यात, रंग ३२ बिट करावेत, आणि डिस्प्लेच्या गुणधर्मांतील ‘ॲडव्हान्स्ड’खालील ‘ट्रबलशूट’ या पानावर ‘हार्डवेअर ॲक्सिलरेशन’ची पट्टी पूर्ण उजवीकडे न्यावी. एवढ्याने पान सरकवणे सहसा सुरळीत होते.

एक्सपीला मायक्रोसॉफ्टचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला आहे, म्हणून त्या गेस्टचे नेटवर्क बंद ठेवावे आणि फाइल्सची देवाणघेवाण शेअर्ड फोल्डरमधून करावी.

१८. गेस्टच्या आत अँड्रॉइडचा एम्युलेटर चालवला तर तो गोठतो.

तेथे व्हर्च्युअल मशीनच्या पोटात दुसरे व्हर्च्युअल मशीन असते. नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन चालू नसेल तर आतल्या अँड्रॉइडला प्रोसेसरची मदतही मिळत नाही, आणि ग्राफिक्स तर जवळजवळ नक्कीच सॉफ्टवेअरवर जाते. एम्युलेटर होस्टवर चालवावा, किंवा यूएसबीची तार गेस्टकडे वळवून प्रत्यक्ष फोनवर ॲप तपासावे. साधासा दुय्यम फोनही या कामी एम्युलेटरपेक्षा सरस ठरतो.

१९. माझा गेस्ट दूरच्या सर्व्हरवर आहे आणि मी रिमोट डेस्कटॉपने वापरतो. वरील उपाय लागू पडतील का?

अंशतः. बहुतेक सर्व्हरमध्ये आणि क्लाउडच्या साध्या मशीनमध्ये ग्राफिक्स कार्डच नसते, त्यामुळे होस्टकडून मदत मागण्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय चित्र नेटवर्कवरून येते आणि विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये मुळातच सेकंदाला ३० चित्रांची मर्यादा असते. पार्श्वचित्र काढावे, रंगांची खोली कमी करावी आणि थ्रीडीचे काम असल्यास जीपीयू असलेले मशीन भाड्याने घ्यावे.

२०. प्रवेगित मार्ग व्यवस्थित चालू आहे, सगळे वेगवान आहे, पण एकच सॉफ्टवेअर उघडताक्षणी कोसळते किंवा त्याची खिडकी कोरी दिसते. हे कसे?

त्या सॉफ्टवेअरला हवी असलेली ओपनजीएलची आवृत्ती बनावट कार्ड देत नसावे. जीएलएक्सइन्फोच्या उत्तरात आवृत्तीचा आकडा असतो. तो सॉफ्टवेअरच्या किमान गरजेशी ताडून पाहावा. उदाहरणार्थ, ब्लेंडरच्या २.८ या आवृत्तीला ओपनजीएल ३.३ पुरत होते, तर ४.० पासून ४.३ लागते. त्यामुळे जुना ब्लेंडर चालणाऱ्या गेस्टमध्ये नवा उघडत नाही.

अशा वेळी सॉफ्टवेअर रेंडरिंग हाच बरा मार्ग ठरू शकतो, कारण आजचा एलएलव्हीएमपाइप ओपनजीएल ४.५ पर्यंतच्या सोयी देतो. संपूर्ण गेस्टचे थ्रीडी बंद करण्याची गरज नाही. लिनक्समध्ये ‘लिबजीएल ऑलवेज सॉफ्टवेअर’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करून केवळ तो एक प्रोग्राम टर्मिनलमधून सुरू करावा. बाकीचा डेस्कटॉप कार्डाच्या मदतीनेच चालू राहतो. नावातील सर्व अक्षरे मोठ्या लिपीत आणि शब्दांमध्ये अंडरस्कोर असावा लागतो. क्यूजीआयएसमध्ये नकाशा तपासणे किंवा छोट्या मॉडेलमधील मापे पाहणे एवढे काम या मार्गाने निभते, मात्र मोठे मॉडेल फिरवायचे असल्यास ते सॉफ्टवेअर होस्टवरच बसवावे किंवा संगणकावर दोन ऑपरेटिंग सिस्टिम शेजारी शेजारी ठेवून थेट सुरू करावे.